अक्षरओळख जेमतेम, तरी मराठीला ‘स्मृतिचित्रे’ दिली. लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्याला राहुरीत मिळालं वळण

मराठीतल्या चांगल्या आत्मचरित्रांची नावं निघाली की लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चं नाव निघतंच. लिहिणाऱ्या बाईचं रीतसर शिक्षण मात्र काहीच नव्हतं. आणि त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड निर्णय झाला तो आपल्या राहुरीत.

जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. १८५७ च्या बंडात आजोबांना फाशी झाली आणि पुढं वडिलांच्या डोक्यात सोवळ्यानं घर केलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही, असा त्या घराचा कायदा. विटाळाची धास्ती पोरीच्या अंगात लहानपणापासून मुरली ती अशी.

अकराव्या वर्षाच्या आसपास नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी माणूस. स्वभाव तापट, पण हात मोकळा. खिशातला पैसा दुसऱ्याला देऊन यायचे, अन् चूल कशी पेटवायची याचा विचार बायकोनं करायचा. तिला लिहायला-वाचायला शिकवलं तेही त्यांनीच, मन लागेल तसं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची ही पत्नी कर्मठ ब्राह्मण घरातली, पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या घरचं पाणी चालत नाही. जवळजवळ साडेचार वर्षं त्या नातेवाइकांच्या आधारानं वेगळ्या राहिल्या, काही काळ पंढरपुरात. शेवटी नगरला टिळकांकडे आल्या, पण धर्म आपला अन् स्वयंपाकही आपला, या अटीवर.

राहुरीला असताना मात्र मनातली गाठ सुटली. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. माणसानं केली, असं मनाला पटलं तेव्हा कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवून टाकलं. नवऱ्यानं बळजबरी केली नव्हती, हे इथं लक्षात घ्यायला हवं. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

पुढं ज्या बाईला शिवाशिवीची एवढी भीती, तीच नगरच्या प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवा करायला गेली. घरात अनाथ पोरं सांभाळली. कवी बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याकडे राहिले, त्यांच्यावरही आईसारखी माया केली. १९१८ मध्ये बालकवी रेल्वे अपघातात गेले, आणि ९ मे १९१९ ला टिळक गेले.

टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं अन् साठाहून जास्त अध्याय लिहिले. ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवात तर मुलाच्या कामापायी झाली. देवदत्तांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून आईनं आठवणी उतरवायला घेतल्या. त्या वाचल्यावर हेच वेगळं पुस्तक आहे हे कळलं. भाषा स्वयंपाकघरात, ओट्यावर बोलतात तशी. स्वतःची फजितीही हसत सांगितलेली आणि नवऱ्याचा रागही लपवलेला नाही. १९३४ पासून भाग छापून येऊ लागले, तेव्हा बाई पासष्टीच्या पुढं होत्या. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या गेल्या. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी पुढं ‘स्मृतिचित्रे’ची साक्षेपी आवृत्ती संपादित केली.