सर विश्वेश्वरय्या

संगणकशास्त्र शिकावयास मुलास पुण्यास धाडावें, तर खर्च कसा झेपावा, ही चिंता आमच्या अल्लीपुरांतील पुष्कळ पालकांस असते. त्यांच्याकरितां हें चरित्र देतों.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानांतले. लहानपणींच वडील वारले. शिकवण्या करून ते बंगळुरांत १८८१ सालीं बी. ए. झाले. पुढें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांत स्थापत्याचा अभ्यास केला आणि १८८३ सालीं परीक्षेंत पहिला क्रमांक मिळविला. शिष्यवृत्ती नसती तर? १९०३ सालीं खडकवासल्यास त्यांच्या योजनेचे दरवाजे बसले. पाणी ठराविक पातळीवर चढतांच ते आपोआप उघडत व पूर ओसरतांच मिटत. यंत्रास असें वळण लावणें हीच संगणकविद्येचीही गोडी आहे. ते १९६२ सालीं निवर्तले. त्यांच्या कॉलेजाचें २०२२ सालीं विद्यापीठ झालें असून तेथें संगणक अभियांत्रिकीही शिकवितात.