डॉ. होमी भाभा आणि थोरियमची वजाबाकी

गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी सगळ्यांना एकेक थोर माणूस वाटून दिला. मला शिवाजी महाराज पाहिजे होते. पण माझ्या चिठ्ठीत डॉ. होमी भाभा निघाले. पहिल्यांदा मी नाराज झालो. आता नाही. कारण यांच्या गोष्टीत वजाबाकी आहे आणि वजाबाकी मला चांगली येते.

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबई येथे एका पारशी घरात झाला. वडील वकील होते. लहानपणी होमीला झोप लई कमी यायची. आईवडिलांना घोर लागला. डॉक्टरला दाखवलं तर पोराला काही आजार नाही, त्याचं डोकंच सारखं चालू असतं, असं डॉक्टर म्हणाले असे सांगतात. (आजी म्हणते माझं बरोबर उलटं आहे.) घरात पुस्तके भरपूर होती आणि गाण्याच्या तबकड्याही होत्या. ते चित्रेही फार छान काढत.

त्यांची आत्या टाटांच्या घरात दिलेली होती. म्हणून घरच्यांना वाटे, पोराने विलायतेत शिकून इंजिनियर व्हावे आणि टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागावे. १९२७ साली ते केंब्रिजला गेले. पण तिथं त्यांचं मन भौतिकशास्त्रात अडकलं. त्यांनी वडिलांना पत्र लिहून कळवलं की माझा जीव इंजिनियरीत नाही. वडिलांनी अट घातली. आधी इंजिनियरची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग तुझ्या आवडीचं शीक, खर्च मी देतो. १९३० साली ते पहिल्या वर्गात पास झाले. हे मी घरी मोठ्यानं वाचलं आणि बाबांकडं बघितलं. बाबा पेपर वाचत होते.

पुढे त्यांनी इलेक्ट्रॉन नावाच्या बारीक कणाचा अभ्यास केला. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट भाऊ पॉझिट्रॉन एकमेकांना धडकले तर कसे उडतात याचं गणित त्यांनी १९३५ च्या सुमारास मांडलं. त्या गणिताला जगभर त्यांचंच नाव आहे. १९३९ साली ते सुट्टीला घरी आले आणि तिकडे महायुद्ध सुरू झालं. मग ते परत गेलेच नाहीत. बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत लागले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटांच्या विश्वस्तांना पत्र लिहिलं. पुढं अणूपासून वीज होईल, तेव्हा भारताला बाहेरून जाणकार आणावे लागू नयेत, म्हणून आपल्याकडं संशोधनाची संस्था पाहिजे असं त्यात होतं. तेव्हा हिरोशिमावर बॉम्ब पडायला एक वर्षाच्या वर वेळ होता. गुरुजी म्हणाले ही गोष्ट लिहायलाच पाहिजे. १९४५ साली संस्था निघाली. १९४८ साली अणुऊर्जा आयोग झाला आणि डॉ. भाभा त्याचे अध्यक्ष झाले.

आता अडचण काय होती ते सांगतो. मला समजायला तीन दिवस लागले. ताई नववीत आहे, तिने तिचं पुस्तक काढून सांगितलं.

अणूच्या मध्ये गाभा असतो. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. इलेक्ट्रॉन बाहेर फिरतात. ते प्रोटॉनइतकेच असतात, पण इतके हलके की वजनात धरत नाहीत. अणूचं नाव प्रोटॉनवरून ठरतं. ९२ प्रोटॉन असले की तो युरेनियमच. पण न्यूट्रॉन कमीजास्त असू शकतात. नाव तेच, वजन वेगळं. अशांना समस्थानिक म्हणतात. युरेनियमच्या पुढं २३५ किंवा २३८ असा आकडा लिहितात. ती प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज असते. म्हणून न्यूट्रॉन काढायला ९२ वजा करायचे. २३८ मधून ९२ गेले, राहिले १४६. २३५ मधून ९२ गेले, राहिले १४३. फरक फक्त तीन न्यूट्रॉनचा.

पण त्या तिनांनी सगळं बदलतं. २३५ ला सावकाश येणारा एक न्यूट्रॉन लागला की त्याचे दोन तुकडे होतात, उष्णता निघते आणि दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर उडतात. ते शेजारच्यांना लागतात. गोट्यांच्या डावासारखं. २३८ तसा फुटत नाही. आणि जमिनीतून काढलेल्या युरेनियमच्या १००० अणूंत २३५ चे फक्त ७ असतात! त्यात आपल्या देशात युरेनियमच थोडं. थोरियम मात्र भरपूर. केरळच्या समुद्राकाठच्या वाळूत आहे. पण थोरियम आपला आपण पेटत नाही. तो ओल्या सरपणासारखा आहे. आई चुलीत आधी वाळलेल्या काड्यांचा जाळ करते, मग ओलं लाकूड बाजूला लावते. डॉ. भाभांनी तसंच ठरवलं. आधी युरेनियमच्या भट्ट्या चालवायच्या. त्यात २३८ न्यूट्रॉन गिळून प्लुटोनियम २३९ होतो. त्याच्या भट्ट्या करायच्या आणि त्यांच्या भोवती थोरियम लावायचा. हा तीन टप्प्यांचा बेत त्यांनी १९५४ साली मांडला.

थोरियमचं गणित मी चिंचोके आणि हरभरे घेऊन केलं. चिंचोका म्हणजे प्रोटॉन, हरभरा म्हणजे न्यूट्रॉन. थोरियम २३२ चे ९० चिंचोके. २३२ वजा ९० म्हणजे १४२ हरभरे. बाहेरून एक न्यूट्रॉन आला, हरभरे झाले १४३, बेरीज २३३. मग गाभ्यातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. चिंचोके ९१, हरभरे १४२. याचं नाव प्रोटॅक्टिनियम. (हे नाव गुरुजींनी दोनदा लिहून दिलं.) मग पुन्हा तसंच होतं. चिंचोके ९२, हरभरे १४१. ९२ म्हणजे युरेनियम! थोरियमचा युरेनियम २३३ झाला आणि तो २३५ सारखा फुटतो. पहिल्या वेळेस माझी बेरीज २३१ आली, कारण मी हरभरे काढले पण चिंचोके टाकायचे विसरलो.

४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईजवळ तुर्भ्याला अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिच्यातल्या पाण्यात निळसर उजेड दिसायचा. पंडित नेहरूंनी तिला अप्सरा नाव दिलं. १९५५ साली जिनिव्हाला अणूच्या शांततेच्या वापरावर मोठी परिषद भरली, तिचे अध्यक्षही डॉ. भाभाच होते. एवढा मोठा माणूस, पण आवारातली झाडं तोडू देत नसे. मोठी झाडं मुळासकट काढून दुसरीकडं लावायला सांगत.

२४ जानेवारी १९६६ रोजी ते व्हिएन्नाला बैठकीला निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजंगा नावाचं विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ या बर्फाच्या डोंगराला धडकलं. विमानातले ११७ जण गेले. डॉ. भाभा ५६ वर्षांचे होते. तेराच दिवस आधी लालबहादूर शास्त्री वारले होते. आजी म्हणते, त्या महिन्यात रेडिओ लावायची भीती वाटायची.

१९६७ साली तुर्भ्याच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र नाव दिलं. तारापूरची अणुवीज १९६९ साली सुरू झाली, ती त्यांनी बघितली नाही. १९९६ साली कल्पाक्कमला कामिनी नावाची लहान अणुभट्टी सुरू झाली. ती थोरियमपासून केलेल्या युरेनियम २३३ वर चालते. म्हणजे ते १४१ हरभरे खरे निघाले.

चिंचोके आणि हरभरे या भित्तिपत्रकाच्या खाली डब्यात ठेवले आहेत. कोणीही मोजून बघावं. पालकांनीही बघावं. मोजून झाल्यावर परत डब्यात टाकावेत. काल आठ हरभरे कमी आले, तर कृपया खाऊ नयेत.