ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन : दोष की निवड?

छायाचित्रणाच्या इतिहासातील स्त्रियांचा वाटा अभ्यासताना ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा विचार आपल्याला प्रथम करावा लागतो. त्यांचे चरित्र वाचताना एक प्रश्न मनाशी बाळगा : कलाकृतीतील दोष कोणता आणि कलावंताची निवड कोणती, हे कोणी ठरवायचे?

कॅमेरॉन यांचा जन्म ११ जून १८१५ रोजी कलकत्त्यात झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी होते. बालपणाचा बराच काळ फ्रान्समध्ये गेला. १८३८ मध्ये कायदेपंडित चार्ल्स हे कॅमेरॉन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८४८ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेले आणि १८६० मध्ये आइल ऑफ वाइट बेटावरील फ्रेशवॉटर येथे स्थायिक झाले. कवी टेनिसन तेथे त्यांचे शेजारी होते.

१८६३ च्या डिसेंबरात मुलीने व जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या आणि या कलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्यांनी कोळशाच्या कोठीची अंधारखोली केली, तर कोंबड्यांच्या खुराड्याचे चित्रणगृह. त्या काळची पद्धत किती कष्टाची होती, हे लक्षात घ्या. काचेवर रसायनाचा लेप द्यायचा आणि ती ओली असतानाच चित्र घेऊन धुवायचे. सिल्व्हर नायट्रेटने हात काळे पडत. समोरच्या व्यक्तीला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. शास्त्रज्ञ हर्शेल, डार्विन, विचारवंत कार्लाइल असे थोर पुरुष त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसले. घरातील दासी मेरी हिलिअर हिला त्यांनी माता मेरीच्या रूपात चित्रित केले.

या चित्रांतील चेहरे रेखीव नव्हते, किंचित धूसर होते. काचेवरील ओरखडे व डागही तसेच राहत. छायाचित्रणाच्या जाणकारांनी याला अकुशलता म्हटले. येथे आपण तारतम्य ठेवले पाहिजे. प्रत्येक डाग हेतुपुरस्सर नव्हता. आरंभीची धूसरताही काही अंशी अपघाताने आली होती. परंतु चेहरा जेथे सुंदर दिसला, तेथेच भिंग थांबवायचे, हे कॅमेरॉन यांनी पुढे जाणीवपूर्वक स्वीकारले. टीका होत असतानाच, १८६५ मध्ये, लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने त्यांची चित्रे विकत घेतली.

मान मिळाला, तरी पैशाची चणचण संपली नाही. पतीचे कॉफीचे मळे सिलोनमध्ये होते. १८७५ मध्ये दोघे तेथे गेले. तेथे त्यांनी थोडीच चित्रे घेतली. २६ जानेवारी १८७९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची कलासाधना जेमतेम पंधरा वर्षांची होती.

आपली प्रगती तपासा : कॅमेरॉन यांनी १८६७ मध्ये घेतलेले हर्शेल यांचे छायाचित्र पाहा. त्यात काय स्पष्ट आहे आणि काय अंधारात सोडले आहे, याची नोंद करा. त्यानंतर आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या शब्दांत लिहा.