थेंबाचा नियम सांगणारा डॉक्टर

बुलढाणा जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी द्रावणात थोडे 'स्टिकर' मिसळतात. एरवी पानावरून घरंगळणारे थेंब त्यामुळे पसरतात आणि पानाला धरून राहतात. थेंब गोळा होणार की पसरणार, हे त्याच्या कडेशी होणाऱ्या कोनावरून कळते. या कोनाचा नियम १८०५ मध्ये मांडणारे टॉमस यंग हे पेशाने डॉक्टर होते.

यंग यांचा जन्म १३ जून १७७३ रोजी इंग्लंडमधील मिल्व्हर्टन येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते थोरले. वयाच्या दुसऱ्या वर्षीच ते वाचू लागले होते. १७९९ मध्ये त्यांनी लंडनमध्ये वैद्यकीय व्यवसाय सुरू केला आणि १८०१ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. प्रकाश तरंगरूप असल्याचे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. पुढे रोझेटा येथील शिलालेखातील इजिप्शियन लिपी उलगडण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

द्रवांवरील निबंधात त्यांनी समीकरणे न लिहिता सारे विवेचन शब्दांतच केले. त्यामुळे तो दुर्बोध ठरला. पण त्यातील नियम टिकला. १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनी पदार्थाचा ताठपणा मोजण्याची कल्पना मांडली. तीच आजचा 'यंगचा गुणांक'.

या दोन कल्पनांची सांगड मात्र त्यांच्या हातून घातली गेली नाही. थेंबाच्या कडेशी पृष्ठताण पृष्ठभागाला वरही ओढतो. यंग यांनी केवळ आडव्या ओढीचा हिशेब केला. काचेसारख्या कठीण पदार्थावर तेवढा पुरतो. मऊ जेलवर मात्र कडेभोवती मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा बांध उभा राहतो. थेंब सरकला की हा बांधही त्याच्यासोबत सरकतो. जेल सतत ताणले व सैल होत राहिल्याने ऊर्जा खर्ची पडते आणि थेंबाची गती मंदावते. हा परिणाम १९९६ मध्ये प्रयोगांनी मोजला गेला. कमी-अधिक मऊ पृष्ठभागावर थेंब आपोआप अधिक मऊ भागाकडे सरकतात, हे २०१३ मध्ये दिसून आले.

१० मे १८२९ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी यंग यांचे निधन झाले. मऊ पृष्ठभागावरील थेंबाचे कोडे सोडवताना आजही पृष्ठताणाला यंगच्या गुणांकानेच भागावे लागते. बांधाच्या उंचीचा अंदाज त्या भागाकारातूनच मिळतो.