ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात सुमारे १५४९ साली जन्मलेले थॉमस स्टीफन्स १५७५ साली रोम येथे येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. १६१९ साली देवाज्ञा होईपर्यंत साष्टी हीच त्यांची मुख्य कर्मभूमी राहिली. (ही साष्टी गोव्यातील; मुंबईची नव्हे.)

साष्टीतील नवख्रिस्ती भाविकांची पंचाईत झाली होती. पोर्तुगीज सत्तेने जुन्या धर्मग्रंथांवर बंदी घातली होती, हे आपण झाकून ठेवू नये. पुराणे गेली आणि हाती उरली ती केवळ धर्मशिक्षणातील प्रश्नोत्तरे. आम्हांलाही एखादे पुराण द्या, अशी विनंती एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थाने केल्याचे ग्रंथारंभीच नमूद आहे. त्यातून सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण सिद्ध झाले व १६१६ साली रायतूर येथे छापले गेले.

कथा गोड हवी, पण तिच्यातून भलताच अर्थ निघता कामा नये, हे दुहेरी ओझे फादरांवर होते. म्हणून तारणाऱ्याच्या जन्माकडे ते एकदम वळत नाहीत. संपूर्ण पहिले पुराण जुन्या कराराला दिले आहे. जेथे शंका उद्भवेल तेथे श्रोताच प्रश्न विचारतो आणि पाद्री उत्तर देतात. शुद्ध मराठी सामान्यांना कळणार नाही हे ओळखून त्यांनी प्राचीन कवींचे अवघड शब्द वगळले व कोकणीतील सोपे शब्द मिसळले. पांडित्य मिरविण्याचा मोह त्यांनी टाळला. आम्हां प्रवचनकारांना तो नेहमीच टाळता येतो असे नाही.

परंतु स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द योजला. तो ऐकताच श्रोत्यांच्या मनात विष्णुलोक उभा राहणार, हे त्यांना ठाऊक नसेल असे मानता येत नाही. पवित्र आत्म्यासाठी मात्र ‘स्पिरितु सांतु’ हे परके नावच राखले. कोठे जुन्या शब्दाला नवा अर्थ द्यावा आणि कोठे नवा शब्दच आणावा, याचा निवाडा त्यांनी ठिकठिकाणी निराळा केला. माझ्या मते वैकुंठाचा धोका त्यांनी जाणूनबुजून पत्करला; अनोळखी शब्दाने स्वर्ग स्पष्ट झाला असता, पण त्याची ओढ लागली नसती.

गोव्यात देवनागरी खिळे नसल्याने ग्रंथ रोमन लिपीत निघाला. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या झाल्या. १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा रोमन लिपीतच छापला गेला. मराठी वाचकाला आपल्या लिपीतील छापील प्रत शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने १९५६ साली पुण्यात मिळाली.