मैलाचा धांवपटु : ग्लेन कनिंगहॅम

धांवणें ही क्रिया वरवर एकच दिसते. परंतु शंभर मीटरांची शर्यत व मैलाची शर्यत यांत महदंतर आहे. पहिलींत सारें बळ दहा-बारा सेकंदांत खर्चावयाचें असतें. स्नायूंत आधींच सांठलेल्या शक्तीवर बहुतेक धांव संपते, आणि सुटतांना जो क्षणभर मागें राहिला त्याला तें अंतर भरून काढण्यास अवसर मिळत नाहीं. मैलाच्या शर्यतींत वेग व दम या दोहोंचीही कसोटी लागते. श्वासावाटें मिळणारा प्राणवायु पायांना सतत पुरवावा लागतो, आणि शेवटच्या फेरीसाठीं कांहीं शक्ति राखूनही ठेवावी लागते. ज्याचे पाय कापून टाकण्याचें घाटत होतें, अशा एका मुलानें या मैलाच्या शर्यतींत जगाचा उच्चांक कसा गांठला, तें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं अवश्य जाणावें.

ग्लेन कनिंगहॅमचा जन्म ४ ऑगस्ट १९०९ रोजीं अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत झाला. १९१७ च्या फेब्रुवारींत, तो सात वर्षांचा असतांना, शाळेंतील शेगडी पेटवितांना भयंकर स्फोट झाला. घासलेटाच्या डब्यांत चुकीनें पेट्रोल भरलेलें होतें. ग्लेनचा वडील भाऊ फ्लॉइड हा भाजल्यामुळें थोड्याच दिवसांत मरण पावला. ग्लेन वांचला खरा. परंतु त्याच्या गुडघ्यांवरील व नडग्यांवरील मांस जळून गेलें होतें, आणि डाव्या पायाचीं बोटें नाहींशीं झालीं होतीं. पाय कापावे असें डॉक्टरांचें मत पडलें. आईबापांनीं त्यास संमति दिली नाहीं. पुढें कित्येक महिने आई रोज त्याचे पाय चोळीत असे. हळूहळू तो उभा राहूं लागला, आधार धरून पाऊल टाकूं लागला, आणि अखेर चालूं लागला. नवलाची गोष्ट ही, कीं चालण्यापेक्षां धांवतांना त्याला वेदना कमी होत. म्हणून तो जेथें जावयाचें तेथें धांवतच जाई!

तरीसुद्धां ते पाय इतरांच्या पायांसारखे झाले नाहींत. व्रणांमुळें त्यांतील रक्ताभिसरण मंद असे, आणि शर्यतीपूर्वीं बराच वेळ हलकेंच धांवून व चोळून ते ऊन केल्याखेरीज मोकळे होत नसत. पळभरांत सर्व बळ मागणाऱ्या शर्यतीला असे पाय कसे मानवणार? मैलाची शर्यत मात्र त्यांना मानवली. १९३० सालीं शाळेंत असतांनाच ग्लेननें ४ मिनिटें २४.७ सेकंदांत मैल धांवून शालेय विद्यार्थ्यांचा उच्चांक केला.

कॅन्सस विश्वविद्यालयांत गेल्यावर कनिंगहॅम यांची कीर्ति पसरली. १९३२ च्या लॉस एंजलिस येथील ऑलिंपिक सामन्यांत १५०० मीटरांच्या शर्यतींत ते चौथे आले. १६ जून १९३४ रोजीं प्रिन्स्टन येथें त्यांनीं ४ मिनिटें ६.७ सेकंदांत मैल धांवून जागतिक उच्चांक प्रस्थापित केला. त्या दिवशीं शर्यतीचा उत्तरार्ध त्यांनीं पूर्वार्धापेक्षां अधिक वेगानें धांवून काढला. आरंभीं शक्ति उधळावयाची नाहीं, हेंच मैलाचें मर्म होय.

१९३६ सालीं बर्लिन येथें न्यूझीलंडचे जॅक लव्हलॉक यांनीं शेवटचे सुमारें तीनशें मीटर राहिले असतांना एकाएकीं वेग वाढविला व ३ मिनिटें ४७.८ सेकंदांत शर्यत जिंकली. कनिंगहॅम अवघ्या ०.६ सेकंदानें मागें पडले. पूर्वीचा जागतिक उच्चांक त्यांनींही मोडला होता, तरी रौप्यपदकावरच समाधान मानावें लागलें. ते खचले नाहींत. त्याच महिन्यांत स्टॉकहोम येथें ८०० मीटर १ मिनिट ४९.७ सेकंदांत धांवून त्यांनीं त्या अंतराचा जागतिक उच्चांक मिळविला. १९४० चे ऑलिंपिक सामने महायुद्धामुळें रद्द झाले, आणि कनिंगहॅम यांनीं शर्यतींतून निवृत्ति घेतली.

यानंतरच्या काळांत अपंगांसाठीं स्वतंत्र सामने भरूं लागले. १९६० सालीं रोम येथें झालेले सामने हे पहिले पॅरालिंपिक मानले जातात. तेथेंही अंतराचा हाच न्याय दिसून येतो. चाकांच्या खुर्चीला स्थिर अवस्थेंतून वेग घेण्यास वेळ लागतो. म्हणून शंभर मीटरांत पायीं धांवणारा पुढें राहतो. पण एकदां चाकें वेगांत आलीं, कीं प्रत्येक ढकलीचा वेग तीं टिकवून धरतात, आणि लांबच्या अंतरांत खुर्चीवरील खेळाडु पुढें निघून जातो. २०२१ सालीं स्वित्झर्लंडचे मार्सेल हुग यांनीं ४२.१९५ किलोमीटरांची मॅरेथॉन १ तास १७ मिनिटें ४७ सेकंदांत पुरी केली. इतक्या अल्पावधींत कोणीही मनुष्य ती पायीं धांवलेला नाहीं. मग दुर्बल कोणास म्हणावें?

कनिंगहॅम यांनीं १९३८ सालीं डॉक्टरची पदवी मिळविली. पुढें पत्नी रूथ यांच्यासह त्यांनीं कॅन्ससमधील आपल्या शेतमळ्यावर हजारों निराधार व वाट चुकलेल्या मुलांना आश्रय दिला. १० मार्च १९८८ रोजीं ते निवर्तले. मित्रहो, वर्गांतील एखादा सोबती क्रीडांगणावर मागें पडला, तर त्याला हंसण्यापूर्वीं इतकेंच पाहावें, कीं त्याच्या जोगें अंतर त्याला अजून कोणी धांवूं दिलें आहे काय? आणि पालकहो, मुलाची शर्यत पहिल्या शंभर मीटरांतच संपली असें घाईनें ठरवूं नये.