वार्धक्याचे कोडे सोडवू पाहणारा शास्त्रज्ञ : एली मेच्निकॉफ

आमच्याकडे वडीलधारी मंडळी मुलांस शतायुषी होण्याचा आशीर्वाद देतात. परंतु त्या शंभर वर्षांपैकी अखेरची वीस वर्षे अंथरुणावर, परावलंबनात व विस्मृतीत जावी, असे कोणाच्याच मनात नसते. आयुष्य दीर्घ असावे आणि ते अखेरपर्यंत निरोगीही असावे, ही इच्छा मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. मात्र या इच्छेचा शास्त्रीय प्रश्न करून, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली त्याचे उत्तर शोधू पाहणारे पुरुष फार थोडे झाले. त्यांत अग्रगण्य असलेले एली मेच्निकॉफ यांचे चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

यांचे मूळचे नाव इल्या इलिच. १८४५ साली, तेव्हा रशियन साम्राज्यात व आज युक्रेनमध्ये असलेल्या खार्कोव्ह शहराजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. लहानपणापासून झाडे, किडे, बेडूक यांच्या निरीक्षणाचा त्यांना विलक्षण नाद होता. वैद्यकाचा अभ्यास करावा असे त्यांना वाटे. परंतु मुलाचे मन फार हळवे आहे, रोग्यांचे दुःख त्याला सोसवणार नाही, असे आईने समजावल्यामुळे त्यांनी प्राणिशास्त्र स्वीकारले. खार्कोव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत, १८६४ साली पुरा केला. जो तरुण वैद्य होऊ शकला नाही, त्यालाच पुढे वैद्यकशास्त्रातील सर्वश्रेष्ठ पारितोषिक मिळावे, हा योगायोग मोठा नवलाचा होय.

पुढील शिक्षणासाठी ते जर्मनीत व तेथून इटलीत गेले. नेपल्सच्या समुद्रकाठी त्यांची अलेक्झांडर कोवालेव्हस्की या तरुण रशियन प्राणिशास्त्रज्ञाशी गाठ पडली. दोघे मिळून समुद्रातील जीव गोळा करीत, त्यांच्या अंड्यांतून शरीर कसे घडत जाते हे पाहत आणि मतभेद झाले म्हणजे कडाडून वाद घालीत. या परिश्रमांबद्दल १८६७ साली दोघांना मिळून एक मानाचे पारितोषिक देण्यात आले. शास्त्र हे एकट्याने करावयाचे काम नव्हे, हा धडा मेच्निकॉफ यांना विशीतच मिळाला.

यानंतरचा काळ मात्र अत्यंत कष्टाचा गेला. १८६९ साली त्यांनी लुडमिला नावाच्या युवतीशी विवाह केला. वधू क्षयाने इतकी क्षीण झाली होती की विवाहविधीसाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. तिच्या शुश्रूषेत चार वर्षे गेली. अखेर १८७३ साली मदिरा बेटावर तिचे देहावसान झाले. शोक, दारिद्र्य आणि अधू होत चाललेली दृष्टी यांमुळे मेच्निकॉफ यांना जीवन असह्य झाले व ते संपविण्याचा अविचार त्यांच्या हातून घडला. सुदैवाने त्यांचे प्राण वाचले. त्या दिवसांतच जिनिव्हा येथे एका पुलावर दिव्याभोवती घिरट्या घालणारे चिमुकले कीटक त्यांच्या दृष्टीस पडले. इतक्या अल्पायुषी जिवांस निसर्गाच्या निवडीचा नियम कसा लागू पडत असेल, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि त्या प्रश्नाच्या मागोमाग ते पुन्हा शास्त्राकडे वळले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. हे चरित्र त्यांच्या द्वितीय पत्नी ओल्गा यांनी लिहिले. १८७५ साली हा विवाह झाला व पुढे ओल्गाबाई त्यांच्या प्रयोगशाळेतील कामातही साहाय्य करू लागल्या.

१८८१ साली त्यांचे ज्येष्ठ बंधू इव्हान वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मरण पावले. त्याच मृत्यूवरून टॉलस्टॉय यांना आपली इव्हान इलिचविषयीची प्रसिद्ध कथा सुचली. भावाच्या शय्येपाशी बसून मृत्यूचे भय त्यांनी जवळून पाहिले. ओल्गाबाईही त्या सुमारास विषमज्वराने अत्यवस्थ झाल्या होत्या. अशा मनःस्थितीत मेच्निकॉफ यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचे रक्त स्वतःस टोचून घेतले आणि ते मरणाच्या दारातून परतले. आश्चर्य असे की, या दुखण्यातून उठल्यावर त्यांची जीवनेच्छा पूर्वीपेक्षा प्रबळ झाली. मनुष्य मरणास का भितो आणि म्हातारपण इतके दुःखमय का असते, हे प्रश्न यापुढे त्यांना कधी सोडून गेले नाहीत.

विद्यापीठातील राजकीय तंट्यांस कंटाळून १८८२ साली त्यांनी ओडेसा येथील प्राध्यापकपद सोडले व ते सहकुटुंब सिसिलीमधील मेसिना येथे जाऊन राहिले. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली असता ते एकटेच सूक्ष्मदर्शक यंत्रातून तारामाशाची काचेसारखी पारदर्शक पिले पाहत बसले होते. त्यांच्या शरीरात इकडून तिकडे सरकणाऱ्या पेशी पाहून त्यांच्या मनात असे आले की, या पेशी बाहेरून घुसणाऱ्या शत्रूशी लढत असतील काय? त्यांनी बागेतील गुलाबाचे बारीक काटे आणून त्या पिलांच्या त्वचेखाली खुपसले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहतात तो त्या सरकत्या पेशींनी प्रत्येक काट्याभोवती गराडा घातलेला! आमच्या पायात काटा मोडला म्हणजे त्या जागी पू का होतो, याचे उत्तर त्या सकाळी मिळाले. पुढे तळ्यातील जलपिसू नावाच्या अतिसूक्ष्म प्राण्यात याच पेशी रोगजंतू गिळून टाकतात असे त्यांनी दाखविले. रोगजंतूंस खाणाऱ्या म्हणून या पेशींस आपण भक्षकपेशी म्हणू.

जर्मनीतील अनेक विद्वानांस हे मत पटले नाही. रोगाचा प्रतिकार पेशी करीत नाहीत, तर रक्तद्रवातील रासायनिक द्रव्ये करतात, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद वीस वर्षे चालला. अखेर दोन्ही पक्षांचे म्हणणे अंशतः खरे ठरले; रक्तातील द्रव्ये जंतूंस पकडून देतात व पेशी त्यांचा फडशा पाडतात. १९०८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ आणि विरुद्ध पक्षातील जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख या दोघांस विभागून देण्यात आले, यात मोठा न्याय होता.

१८८८ साली पाश्चर यांनी पॅरिसमधील आपल्या नव्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा दिली. आयुष्याची उरलेली अठ्ठावीस वर्षे त्यांनी तेथेच घालविली. निरनिराळ्या देशांचे तरुण त्यांच्याभोवती जमत. बेल्जियमचे बोर्डे यांनी तेथेच रक्तद्रवाविषयी शोध लावले व ते १९१९ सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. एमिल रू यांच्याबरोबर मेच्निकॉफ यांनी एका भयंकर संसर्गजन्य रोगावर वानरांत प्रयोग केले. त्यासाठी दोघांनी आपल्या पारितोषिकांची रक्कम खर्ची घातली. ओडेसा येथील त्यांचे एक विद्यार्थी तर आम्हां मुंबईकरांच्या नित्य स्मरणात राहावे असे आहेत. ते म्हणजे वाल्डेमार हाफकिन. गुरूच्या पाठोपाठ तेही पाश्चर संस्थेत आले, पटकीवरील लस सिद्ध करून १८९३ साली हिंदुस्थानात आले आणि मुंबईत प्लेगने कहर केला असता ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळ येथील संस्थेस १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

आता वार्धक्याच्या संशोधनाकडे वळू. १९०३ साली मेच्निकॉफ यांनी मानवी स्वभावावर एक ग्रंथ लिहून वार्धक्याच्या अभ्यासास जेराँटॉलॉजी हे नाव दिले. आपण पाहतो ते म्हातारपण स्वाभाविक नसून बहुतांशी एक प्रकारचा रोग आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, कुजविणाऱ्या जंतूंचे विष रक्तात शिरते, त्यामुळे मेंदू व इतर नाजूक अवयवांच्या पेशी दुर्बल होतात आणि मग शरीराच्या रक्षक असलेल्या भक्षकपेशीच त्यांस खाऊ लागतात, अशी त्यांची उपपत्ती होती. यावर उपाय काय? दूध विरजले म्हणजे ते कुजत नाही, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. बल्गेरियातील दही खाणारे शेतकरी दीर्घायुषी असतात असे त्यांनी ऐकले होते. स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ साली जिनिव्हा येथे त्या दह्यातील जंतू ओळखून काढला. पाश्चर संस्थेतीलच आंरी टिस्सिये यांनी अंगावरील दूध पिणाऱ्या अर्भकांच्या आतड्यात एक निराळा हितकर जंतू दाखविला होता. या सर्व धाग्यांची मेच्निकॉफ यांनी एकत्र वीण घातली. ते स्वतः नियमाने विरजलेले दूध घेत, कच्चे अन्न टाळीत व मद्यास शिवत नसत.

वृत्तपत्रांतून ही वार्ता पसरताच युरोपात व अमेरिकेत दह्याचे एकच वेड माजले. व्यापाऱ्यांनी जंतूंच्या गोळ्या व भुकट्या बाजारात आणल्या आणि मूळ ग्रंथातील सावधपणाची वाक्ये बाजूस राहून चिरतारुण्याची ग्वाही मात्र लोकांच्या कानी पडली.

खरे काय ठरले, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. मेच्निकॉफ यांच्या निधनानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेतील येल विद्यापीठात असे आढळले की, दह्यातील तो बल्गेरियन जंतू मनुष्याच्या आतड्यात वस्ती करून राहत नाही. मोठे आतडे निरुपयोगी नाही व त्यातील पुष्कळसे जंतू आपले मित्र आहेत, हेही पुढे कळून आले. दह्याने आयुष्य वाढते, हे सिद्ध झालेले नाही. परंतु आतड्यातील जंतूंचा आरोग्याशी संबंध असतो आणि रक्षक पेशींचा रेंगाळणारा दाह उतारवयात शरीरास अपाय करतो, या दोन गोष्टींवर आज जगभर संशोधन चालू आहे. त्यांचे उत्तर चुकले; पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. पुढील अभ्यासकांस चूक दाखविता यावी इतक्या स्पष्टपणे आपले मत मांडणे, हीही शास्त्राची सेवाच होय.

१९१४ साली महायुद्ध पेटले, तरुण सहकारी रणांगणावर गेले व प्रयोगशाळा ओस पडली. त्या दुःखाने मेच्निकॉफ खचले. त्यांच्या घराण्यात हृदयविकार होता. दोन भाऊ पन्नाशीच्या आसपासच गेले होते. आपण त्यांच्यापेक्षा अधिक जगलो, याचे त्यांना समाधान वाटे. मरणापूर्वी त्यांनी आपले सहकारी सालिंबेनी यांस विनविले की, मृत्यूनंतर माझे शरीर उघडून आतडी नीट तपासावी. स्वतःचा देहदेखील त्यांनी आपल्या मताच्या कसोटीस लावला. जुलै १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, पाश्चर संस्थेतच त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.

ज्याने तारुण्यात जीवनाकडे पाठ फिरविली होती, तोच पुरुष पुढे दीर्घ व निरोगी जीवनाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता झाला. ही पालट कोणत्याही औषधाने घडविली नाही. एका प्रश्नाच्या ओढीने व सहकाऱ्यांच्या सोबतीने ती घडविली. विद्यार्थ्यांनी यातून एवढे ध्यानी घ्यावे की, निराशेच्या वेळी एकटे बसू नये आणि मनातील प्रश्न विझू देऊ नये. पालकांस आमची विनंती अशी की, घरातील वृद्धांचे दुखणे वयाचे म्हणून सोडून देऊ नये; ते रोगाचे असू शकते व त्यास उपचारही असू शकतो, हेच मेच्निकॉफ यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जगास सांगितले.